दहातला एक

दशमांश कशावर काढायचा, पगाराच्या आकड्यावर की हातात पडलेल्या रकमेवर, हा प्रश्न आमच्या खजिनदारांनी बदलून आलेल्या प्रत्येक पाळकाला पहिल्याच आठवड्यात विचारलेला आहे. पाळकसाहेबांचं सामान अजून टेम्पोतून पुरतं उतरलेलं नसतं, बाईसाहेब शेगडी कुठे मांडायची ते बघत असतात, आणि हे दारात हजर. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत रेक्झिनची बॅग. "सलाम, पाळकसाहेब. एक शंका होती." नव्या माणसाला वाटतं, शंका त्रैक्याबद्दल असेल, फार तर पुनरुत्थानाबद्दल. शंका निघते भविष्यनिर्वाह निधीची. फंडात कापून गेलेले पैसे यंदाची प्राप्ती धरायचे की निवृत्तीच्या वेळची? यंदाची धरली, तर पुढे व्याजावर वेगळा दशमांश बसतो का? आयकर गेल्यावर उरलेल्यातून दशमांश काढावा तर कैसर देवाच्या आधी येतो. आणि आधी काढावा तर जे हातात आलंच नाही त्याचा दहावा भाग देवाच्या नावे दाखवणं हा खोटा हिशेब होत नाही का? पाळक सेमिनरीत ग्रीक शिकून आलेला असतो, थोडं हिब्रूही. महागाई भत्त्याच्या फरकाबद्दल तिथे त्याला कुणी काही शिकवलेलं नसतं.

आता खजिनदार म्हणजे अमुक एक गृहस्थ असं समजून कुणी आमच्या गावात चौकशीला येऊ नये. नगर म्हणा (कागदोपत्री आता अहिल्यानगर), सोलापूर, सातारा, वाई, जालना म्हणा, जिथे जुनं मराठी चर्च आहे तिथे पंचकमिटीत हा माणूस बसलेला आहे. बहुधा निवृत्त, सरकारी लेखा खात्यातून, नाही तर बँकेतून, नाही तर शाळेच्या ऑफिसातून. त्याचा देवावर विश्वास आहे, यात तिळमात्र शंका नाही. माणसांवर मात्र तो व्हाउचर बघितल्यावर विश्वास ठेवतो.

आमच्या खजिनदारांच्या परसात शेवगा आहे. शेंगा काढल्या की ते ओट्यावर ओळीने मांडतात आणि मोजतात. दहावी बाजूला. विसावी बाजूला. याला आधार लेवीयच्या सत्ताविसाव्या अध्यायाचा. तिथे गुराढोरांचा नियम असा आहे की मेंढपाळाच्या काठीखालून जाणारं प्रत्येक दहावं जनावर देवाचं. ते चांगलं की वाईट हे बघायचं नाही आणि अदलाबदल करायची नाही. त्यामुळे दहावी शेंग किडकी निघाली तरी खजिनदारांचा नाइलाज असतो. बदलली तर नियमभंग. ती शेंग ते स्वतः पाळकसाहेबांच्या घरी पोचती करतात आणि तीत कीड आहे हेही सांगतात, कारण लपवणं पाप. "दहावी शेंग नेमकी किडकीच कशी निघते हो यांची?" असं बाईसाहेबांनी एकदा आमच्या घरी चहा पिताना विचारलं. ओळ कोणत्या टोकाकडून मोजायला घ्यावी याबद्दल मोशेने काही सांगून ठेवलेलं नाही, एवढंच मी म्हणू शकलो.

पुदिना, शेप आणि जिरं यांचा दशमांश मोजत बसणाऱ्या परूश्यांना येशूने चांगलं फैलावर घेतलं होतं, हे खजिनदारांना ठाऊक नाही असं नाही. मत्तयाचा तेविसावा अध्याय त्यांनी माझ्याहून जास्त वेळा वाचलाय. त्यांच्या मते तिथे पुदिन्याचा दशमांश रद्द झालेला नाही. तो द्याच, शिवाय न्याय आणि दयाही सोडू नका, असा त्या उताऱ्याचा अर्थ होतो. अर्थ बरोबर आहे, मान्य करावं लागतं. फक्त खजिनदार त्यातला पुदिना स्वतःकडे घेतात. न्याय आणि दया हे पाळकसाहेबांचं खातं.

खजिनदारांच्या घरी काकूंनी गेल्या वर्षी नवा मिक्सर मागितला होता. देवाचा भाग बाजूला निघाल्यावर बघू, असं उत्तर मिळालं. काकू शांत बाई. महिला मंडळात प्रार्थना करतात तीसुद्धा ऐकू येईल न येईल अशी. पण त्या दिवशी म्हणाल्या, "अहो, दहातला एक देवाचा, एक सरकारचा. उरले आठ. ते आठ कुणाचे, हे शास्त्रात कुठे दिलंय का बघा जरा." खजिनदार खरोखरच बघत बसले. मिक्सर नाताळात आला. बिलावर काकूंचं नाव होतं आणि रक्कम 'सण खर्च' या सदरात पडली.

रविवारी उपासना संपली की मंडळी अंगणात गप्पा मारत उभी राहतात आणि आतल्या खोलीत थैल्या टेबलावर ओतल्या जातात. आमच्याकडे अजून मखमली थैल्या आहेत, लांब लाकडी दांड्याच्या. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असं येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं, आणि डाव्या हाताला खरंच काही कळत नाही. खजिनदारांना मात्र नोटेच्या घडीवरून कळतं. दहाची नोट आठ घड्या करून टाकणारे कोण, दोन घड्या करणारे कोण, पाचाचं नाणं थैलीच्या तळाशी हात नेऊन आवाज न करता ठेवणारे कोण. पाचशेची नोट, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, कधीच दुमडलेली येत नाही. ती उघडीच येते आणि थैलीत पडण्यापूर्वी जरा घुटमळते. फाटक्या नोटा ते पारदर्शक पट्टी लावून नीट करतात. नाणी दहा-दहाच्या चवडी करून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला देतात आणि नोटा घेतात. त्याला सुट्ट्यांची चणचण, चर्चला सुट्ट्यांचा सुकाळ.

मग आला क्यूआर कोड. तरुण संघाने तो बसवला आणि त्याबरोबर दुकानात असतो तसला बोलणारा डबाही आला. तो बंद कसा करायचा हे कुणी बघितलं नव्हतं. पहिल्याच रविवारी, पाळकसाहेबांनी दोन मिनिटं मूक प्रार्थना सांगितली असताना, वेदीजवळून स्वच्छ बाईच्या आवाजात घोषणा झाली: दहा रुपये प्राप्त झाले. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, तरी सगळ्यांच्या माना वळल्या. थोड्या वेळाने: पाचशे एक रुपये प्राप्त झाले. त्यावर पुढच्या बाकावर कुणीतरी 'आमेन' म्हणालं. त्या दिवसापासून डब्यावर दहा रुपये कधी प्राप्त झाले नाहीत. आवाज बंद करायचं बटण तरुण संघाला दुसऱ्या दिवशीच सापडलं होतं. खजिनदारांनी सांगितलं, राहू द्या, यंत्र आहे, उगाच बिघडायचं.

धनवान माणसाचं स्वर्गात जाणं आणि उंटाचं सुईच्या नाकातून जाणं, हा विषय वर्षातून एकदा तरी उपदेशाला येतोच. तो आला की मी उपदेशाकडे लक्ष देत नाही, खजिनदारांकडे देतो. गावात प्लॉटचा धंदा करणारे दोघे-तिघे आमच्या मंडळीत आहेत, दुबईहून परतलेले आहेत, बंगले बांधून वर 'एबेनेझर' अशी संगमरवरी पाटी लावलेले आहेत. चर्चचं गळकं छप्पर याच लोकांच्या भरवशावर आहे. त्यामुळे उंट निघाला की खजिनदार अस्वस्थ होतात आणि उपासना संपल्यावर अंगणात एकेकाला गाठून समजूत घालतात. त्यांच्याकडे यासाठी एक तयार दरवाजा आहे. यरुशलेमच्या तटाला म्हणे 'सुईचं नाक' नावाची एक बुटकी खिडकी होती. रात्री वेस बंद झाली की व्यापारी उंटाचं ओझं उतरवायचे, त्याला गुडघ्यांवर बसवायचे आणि हळूहळू आत घ्यायचे. तेव्हा जाता येतं, फक्त जरा वाकायला हवं.

हा दरवाजा फार सोयीचा आहे. त्यातून उंट जातो, प्लॉटवाले जातात, वेळ पडली तर जेसीबीसुद्धा जाईल. अडचण एवढीच की येशूच्या काळात असा दरवाजा असल्याचा पुरावा आजवर कुणाला मिळालेला नाही; ही गोष्ट कित्येक शतकांनंतरच्या मध्ययुगातली. आणि गोष्ट खरी मानली तर शिष्यांचं काय करायचं? उंटाचं उदाहरण ऐकून ते थक्क झाले, मग तारण तरी कुणाचं होणार असं विचारू लागले, हे शुभवर्तमानात लिहिलंय. खिडकी बुटकी आहे एवढ्यावर कोण थक्क होतं? त्यावर येशू म्हणाला तेही स्पष्ट आहे, की माणसाला हे अशक्यच आहे, देवाला शक्य आहे. पण 'अशक्य' हा शब्द छपराच्या निधीला चालत नाही.

त्याच उताऱ्यातल्या श्रीमंत तरुणाला, सगळं विकून गरिबांना दे, असं जे सांगितलं गेलं, त्याचा खजिनदारांनी लावलेला अर्थ तर मला तोंडपाठ आहे: तो त्या एका माणसाला दिलेला व्यक्तिगत आदेश होता. सर्क्युलर नव्हतं. आणि जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं आणि फसवलेल्यांना चौपट परत करायचं कबूल केलं ते? तो जकात खात्यातला भ्रष्ट इसम. वसुली दंडासह झाली.

पवित्र आठवड्यात खजिनदार जरा गप्प असतात. कारण साधं आहे. बारा शिष्यांत खजिनदार होता यहूदा इस्कर्योत. थैली त्याच्याकडे असे आणि तीत जे पडे ते तो लांबवत असे, असं योहानाच्या बाराव्या अध्यायात सरळ नमूद आहे. बेथानीला मरीयेने येशूच्या पायांना मोलाचं सुगंधी तेल लावलं तेव्हा, हे तीनशे दीनारांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत, हा हिशेबी प्रश्नही त्यानेच विचारला. उत्तम शुक्रवारच्या तीन तासांच्या उपासनेत तीस रुप्यांच्या नाण्यांचा उल्लेख आला की मागच्या बाकावरची पोरं हळूच खजिनदारांकडे बघतात. एका वर्षी ते न राहवून मला म्हणाले, "मला एक कळत नाही. मत्तय होता ना त्यांच्यात? जकात नाक्यावरचा अनुभवी माणूस. लिहिणं-वाचणं येणारा, आकडेमोड येणारा. तो असताना थैली यहूदाकडे का दिली?" मी म्हटलं, त्यात काही हेतू असेल. ते म्हणाले, "हेतू असेल. पण ऑडिट कुणी केलं?"

याच माणसाला पंचकमिटीत मी एकदाच निरुत्तर झालेलं पाहिलं. नाताळच्या प्रीतिभोजनाचा विषय होता. तरुण संघाला बिर्याणी हवी होती, खजिनदारांचा कौल वरणभात आणि एक गोड पदार्थ. मंडळीचे पैसे म्हणजे देवाचा दशमांश, तो खाण्यापिण्यात उडवायचा नाही, असं म्हणून त्यांनी मलाखीचा तिसरा अध्याय उघडला, जिथे सगळा दशमांश भांडारात आणा आणि मला पारखून पाहा असं देव सांगतो. तरुण संघाचा सेक्रेटरी एमआयडीसीत नोकरीला आहे, पोरगं बोलायला मवाळ. म्हणाला, "काका, अनुवाद चौदा वाचू का?" आणि वाचायला लागला. देवाने निवडलेलं ठिकाण लांब असेल तर दशमांश विकून पैसे करावेत, ते घेऊन तिथे जावं आणि मनाला येईल ते घ्यावं: गुरं, मेंढरं, द्राक्षारस, मद्यदेखील, आणि घरच्या माणसांसह देवासमोर जेवून आनंद करावा. खोलीत पंखा तेवढा वाजत होता. पंच मंडळींपैकी निम्म्यांनी हा उतारा आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असावा. खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तो जुना करार आहे."

"काका, मलाखीपण जुन्याच करारात आहे."

पाळकसाहेबांनी प्रार्थना करून सभा संपवली. बिर्याणी झाली, अंड्याची. पण त्या पोराने पुढच्या दोन ओळी वाचल्या असत्या तर सगळ्यांचीच पंचाईत झाली असती. दर तिसऱ्या वर्षी दशमांश गावच्या वेशीत साठवावा आणि लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी तो पोटभर खावा, असं लगेच खाली आहे. लेव्यांचा एक, सणाचा एक, तिसऱ्या वर्षी गरिबांचा एक, असे हे दशमांश जुन्या यहुदी परंपरेने वेगवेगळे धरले; त्यांची बेरीज दहावर थांबत नाही, विसाच्या आसपास जाते. ही बेरीज खजिनदारांना करता येत नाही, असं कोण म्हणेल?

मलाखीचं 'पारखून पाहा' मात्र त्यांनी शब्दशः घेतलंय. घरी एक लाल बांधणीची वही आहे. डावीकडे 'दिले', उजवीकडे 'लाभले'. उजवीकडच्या नोंदी मी पाहिल्यात, कारण त्या ते अभिमानाने दाखवतात. बोअरला पाणी लागले. मुलाची बदली रद्द. मूतखडा आपोआप पडला, शस्त्रक्रियेचा अंदाजे खर्च वाचला, आणि पुढे तो आकडा. वर्षाअखेर बेरजा मारल्या जातात आणि देव आजवर एकदाही तोट्यात गेलेला नाही, असं ते समाधानाने सांगतात. तोट्याच्या गोष्टी, म्हणजे धाकट्या भावाचं जाणं वगैरे, त्या वहीत नाहीत. त्या कोणत्या रकान्यात घालायच्या हे त्यांना ठरवता आलेलं नसावं. मलाही आलं नसतं.

गंमत अशी की गावातल्या मंगल कार्यालयात रविवारी जी नवी फेलोशिप भरते, तिचं नाव काढलं की या माणसाचा पारा चढतो. तिथे कीबोर्ड आहे, ड्रम आहे, झगमगीत दिवे आहेत. पास्टर कोट घालतात आणि बीज पेरायला सांगतात: हजार पेरा, शंभरपट घ्या. मग साक्षी होतात. एकाची दुचाकी होती, चारचाकी झाली. एकीचा फ्लॅटचा हप्ता थकला होता, अनोळखी माणसाने भरला. ही पेरणी आपल्याकडे उगवलेली नाही. विश्वासाने पैसे देणं म्हणजे बी पेरणं, पीक देव देतो, ही मांडणी अमेरिकेत ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातून ओरल रॉबर्ट्स या उपदेशकाने गेल्या शतकात जगभर नेली. १९८७ साली तर त्यांनी जाहीर केलं होतं की मार्चपर्यंत ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला बोलावून घेईल. पैसे जमले, आणि रॉबर्ट्स २००९ पर्यंत जगले.

"धंदा आहे नुसता," खजिनदार म्हणतात. "देवाला काय एफडी समजतात!" मी त्या वेळी लाल वहीकडे बघत नाही. शंभरपटवाला आणि दहा टक्केवाला यांच्यात मला तरी व्याजदराचाच फरक दिसतो. एकाला चटकन हवंय, दुसऱ्याला मुदत पूर्ण होईपर्यंत थांबायची तयारी आहे. आणि येशूने लूकच्या अठराव्या अध्यायात सांगितलेली मंदिरातल्या दोघांची गोष्ट तर खजिनदारांना विशेष छळते. मिळकतीचा दशमांश देतो असं सांगणारा परूशी तसाच घरी जातो आणि छाती बडवणारा जकातदार नीतिमान ठरून जातो. आमचे खजिनदार दशमांशही देतात आणि जन्मभर वसुली खात्यातही होते. या गोष्टीत आपण नक्की कोण, हा त्यांचा पेच अजून सुटलेला नाही.

त्यांचा हा मोजूनमापून देण्याचा सोस कुठून आला असेल, याचा थोडा अंदाज मला आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला सुरू झालं १८३१ मध्ये. पुढे १८७६-७७ चा दुष्काळ आला, १८९६-९७ चा आला, लगेच १८९९-१९०० चा. मिशनने पोरकी मुलं सांभाळली, खडी फोडणाऱ्यांना काम दिलं, शाळा काढल्या. त्या काळात ख्रिस्ती झालेल्यांच्या नातवंडा-पतवंडांना आजही एक टोमणा ऐकावा लागतो: पोटासाठी बाटले. खजिनदारांचे आजोबा मिशनच्या खेड्यातल्या शाळेवर मास्तर होते. रविवारी चावडीएवढ्या देवळात दान गोळा व्हायचं ते रोख नसायचं. पैसा होता कुणाकडे? ओंजळभर बाजरी, दोन अंडी, एखादी कोंबडी, आणि आजोबा ते सगळं वहीत टिपून ठेवायचे. कचेरीत कुणीतरी तो टोमणा मारला तेव्हा खजिनदार नोकरीला नवे होते. "त्या दिवशी ठरवलं," त्यांनी मला सांगितलं होतं, "घेतलं असं म्हणतात ना? मग दिल्याची पावती आपल्याकडे पाहिजे."

एवढं बोलून त्यांनी विषय बदलला आणि रेव्हरंड टिळकांवर आले. नारायण वामन टिळकांवर आमच्याकडे कुणी टीका करत नाही. 'उपासना संगीत' उघडलं की निम्मी गाणी त्यांची असल्यासारखी वाटतात. पण टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, समोर गरजू आला की घरातलं उचलून देत, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय. १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनची पगारी नोकरीच सोडली आणि संन्यस्त होऊन 'देवाचा दरबार' काढला. खजिनदार त्यांचं भजन गाताना डोळे पुसतात. नंतर म्हणतात, "कवी थोर. पण थैली नसती दिली मी त्यांच्याकडे." लक्ष्मीबाईंकडे दिली असती का? "डोळे झाकून," ते म्हणाले.

ओंजळभर बाजरीचा तो प्रकार आता हंगामाच्या सणात उरलाय. त्या दिवशी वेदीपुढे ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, कढीपत्त्याच्या जुड्या, केक आणि पाय बांधलेले कोंबडे मांडतात आणि उपासना संपली की अंगणात लिलाव होतो. चर्चची वर्षाची निम्मी चिंता इथे मिटते. साठ रुपयांचा भोपळा हजारावर जातो, कारण बोलणारे भोपळ्यासाठी बोलत नसतात. शेजारच्याने आठशे म्हटलं म्हणून बोलतात. खजिनदार या खेळातले जुने खेळाडू. पेनाने कान खाजवला की शंभर रुपये वाढले असं समजायचं. दोन प्लॉटवाले एकमेकांवर चढले की हे मधूनच कान खाजवून भाव वर सरकवतात आणि नेमक्या वेळी थांबतात. गेल्या वर्षी मात्र डास चावला. कान खाजवला गेला, समोरचे दोघेही गप्प बसले, आणि एकवार, दोनवार, तीनवार होऊन भोपळा अठराशे रुपयांना खजिनदारांच्या गळ्यात पडला. पैसे त्यांनी जागेवर मोजले, टाळाटाळ केली नाही. पण मग पुढचा महिनाभर पाळकसाहेबांना झोप नव्हती. अठराशेतून भोपळ्याचा बाजारभाव वजा केला तर सतराशे चाळीस हे दान होतं. ते दशमांशात धरायचं की दशमांशावरचं? आणि भोपळा खाल्ला तर ती प्राप्ती ठरते का?

त्याच लिलावात वाडीवरून एसटीने आलेली एक आजी होती. स्टीलच्या डब्यात कोंडा घालून त्यात चार अंडी आणलेली. खजिनदारांनी नोंदवहीसमोर डबा उघडला, एकेक अंडं उजेडात धरून पाहिलं, आणि लिहिलं: अंडी, नग ४, पैकी १ तडकलेले. शेजारच्या पोराने ते मोठ्याने वाचलं.

आजी पुढे झाली. "साहेब, फुटकं माझ्या नावावर नका लिहू. मी देवाला चार चांगली आणलीत. ती एसटीत आदळली."

शाईने लिहिलेली नोंद. खाडाखोड करायची नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांच्या नोकरीतला नियम. मागे रांग वाढली होती, कोंबडे ओरडत होते, पाळकसाहेब घड्याळ दाखवत होते. खजिनदार बराच वेळ पेन धरून बसले. मग शेरा या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं: प्रवासात तडकले, दात्याचा दोष नाही. खाली सही, तारीख. आजीला पावती दिली ती नग चारची. तिला वाचता येत नव्हतं. तिने ती पोराकडून वाचून घेतली, घडी घातली आणि चंचीत ठेवली. अंडी अकराशे रुपयांना गेली, घेणाऱ्याने ती पुन्हा लिलावाला परत दिली, आणि दुसऱ्यांदा नऊशेला गेली. विधवेच्या दोन टोल्यांवर आमच्याकडे पुष्कळ उपदेश झालेत. मंदिराच्या भांडारात बसलेल्या कारकुनाने त्या टोल्यांची नोंद कशी केली असेल, असा विचार मी तरी त्या दिवशीपर्यंत केला नव्हता.

तर असा हा माणूस. थैलीत रुपया कमी भरला तर स्वतःच्या खिशातून घालतो, जास्त भरला तर 'अनामत' म्हणून वेगळ्या पाकिटात ठेवतो. त्याच्यामुळे पाळकसाहेबांचा पगार कधी थकलेला नाही, छप्पर मात्र अजून गळतंय, कारण तीन कोटेशनं येत नाहीत. वार्षिक सभा येत्या महिन्यात आहे. खजिनदारपदासाठी अर्ज एकच आलाय, आणि अर्जाच्या शुल्काची पावती उमेदवाराने स्वतःच्याच सहीने फाडलेली आहे.